ट्रामकडे जायचा लांबचा रस्ता

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून नवा सरकता जिना सुरू. खाली उपनगरी गाड्या, मध्ये मेट्रो, वर रस्त्यावर ट्राम. आजवर गाडी बदलणारा प्रत्येक माणूस भुयारातल्या माझ्या बूटदुरुस्ती-किल्ल्यांच्या दुकानावरून जायचा. आता लोक खालून थेट ट्रामपाशीच निघतात. समोर ब्रेत्झेल, म्हणजे खारे वेटोळे पाव, विकणारी नूराय रडवेली झाली. मी धीर दिला. म्हटलं, जिना कितीही सरको, बुटांच्या टाचा झिजणारच, किल्ल्या हरवणारच. फ्रँकफुर्टमध्ये व्होल्कमार राइंकेला कोण ओळखत नाही!
आनेग्रेटला सांगायचं नाही. बायको उगाच काळजी करते.

५, बुधवार
एक जण आला. ट्राम कुठे, विचारत होता.

६, गुरुवार
झोप नाही. पण त्यातूनच आयडिया सुचली. पुठ्ठ्यावर बाण काढून नव्या जिन्याच्या तोंडाशी लावला: 'ट्रामकडे'. बाण माझ्या दुकानाकडे. खोटं काही नाही. ट्राम इकडूनही सापडते, जरा चालावं लागतं. चालणं तब्येतीला बरं.

७, शुक्रवार
गर्दी! नूरायचे ब्रेत्झेल संपले. माझ्याकडे कुणी थांबलं नाही, कारण सगळ्यांची ट्राम चुकत होती. एक आजी दुसऱ्यांदा फिरून आल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या. टाच पार झिजलेली. मी अदबीनं म्हटलं, "बाई, बूट काढा." म्हणाल्या, "काढते. पण दुरुस्तीला नाही!"
तरी संवाद झाला. मार्केटिंग म्हणजे हेच.

१०, सोमवार
स्टेशनचा साहेब बाण उपटून घेऊन गेला. फार तापला होता. म्हणाला, "अहो राइंके, मी स्वतः या बाणामागे गेलो!" म्हणजे बाण उत्तम होता.
घरी आनेग्रेटनं विचारलं, धंदा कसा? जोरात, म्हटलं. जेवण गेलं नाही. बटाटे कच्चे असावेत.

१३, गुरुवार
नूराय वर ट्रामच्या थांब्यापाशी गाडा लावणार. म्हणाली, "उस्ताद, अर्धी जागा तुमची. चला. इथे आता उंदीरसुद्धा फिरकत नाही." मी ताठ सांगितलं, माझी जागा इथे आहे. म्हणाली, "जागा राहील हो, तुम्ही राहाल का?"
उर्मट बाई. ती गेल्यावर भुयार फार शांत झालं. एक किल्ली कापत बसलो. माझ्याच घराची.

१७, सोमवार
मनाचा हिय्या करून वर गेलो, अर्धी जागा मागायला. तिथे मोबाइल कव्हरवाला बसलेला. नूराय म्हणाली, "उस्ताद, वाट पाहिली हो तुमची." मी म्हटलं, छे, मी ब्रेत्झेल घ्यायला आलोय. मग घ्यावाच लागला.
खाली आल्यावर कोट काढलाच नाही. थंडी वाढली आहे.

२०, गुरुवार
आनेग्रेट न सांगता दुकानात आली. वर नूरायनं तिला सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, जरा मंदी आहे. ती स्टुलावर बसली, बूट काढून माझ्यापुढे ठेवले. मला भरून आलं. निदान बायकोचा तरी विश्वास!
बूट उलटे केले. टाचा नव्या. काम स्वच्छ, दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं.
म्हणाली, "चौकातल्या कारागिराकडून करून घेतल्या. तू वर्षभर उद्या-उद्या करत होतास, आणि मला बर्फात घसरून पडायचं नव्हतं. त्याला हाताखाली माणूस हवाय. मी बोललेय."
मी म्हटलं, उद्या जातो.
तिनं बूट घातले, मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि शटर स्वतःच खाली ओढलं.