अण्णांना न सुचलेलं पाणी

अण्णा,

आईचे गुडघे कसे आहेत? तिकडे तरी तिला मांडी घालून बसता येतं का? मोठ्या काकांचा खोकला थांबला असेल, तंबाखू तिकडे कोण आणून देणार त्यांना. तुमच्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब जेवणानंतर सगळ्यांची नजर चुकवून गूळ खातात का अजून? आणि तुमचा डावा डोळा, ज्याला धर्माबादचं ऊन सोसायचं नाही, तो कसा आहे? पत्रात आधी एकेकाची तब्येत विचारावी, मग आपलं पुराण लावावं, ही सवय तुमचीच. लग्न होऊन मी लातूरला आले तेव्हा पहिल्या पत्रात सासूबाईंची तक्रार आधी लिहिली आणि तुमची विचारपूस राहूनच गेली. तुमचं उत्तर आलं, त्यात एवढंच होतं की आम्ही सगळे बरे आहोत, विचारलं नाहीस म्हणून सांगतो. ते वाक्य अजून टोचतं आणि हसूही येतं. आता तर अशी गत आहे की विचारपूस करावी अशी माणसं तुमच्याकडेच जास्त झालीत. इकडे मी बरी आहे. बीपीची गोळी चालू आहे, दात निम्मे माझे आणि निम्मे डॉक्टरांचे. तुमचा नातू बँकेतून रिटायर झाला आणि दिवसभर मला सल्ले देतो. सूनबाईची पाठ धरते. आणि त्याची मुलगी, माझी नात, जिला तुम्ही पाहिलंच नाही, ती नांदेडच्या फार्मसी कॉलेजात शिकवते. तिची तब्येत उत्तम आहे, पण गेले काही महिने तिच्या डोक्याला जो घोर लागला होता, त्यासाठीच हे पत्र लिहायला बसले.

तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगते, कारण मलाही तेवढंच समजतं. फिट येणाऱ्या लेकरांना द्यायचं एक जुनं औषध आहे, पावडरीचं. चांगलं औषध आहे, पण हवेतलं पाणी पिण्याची त्याला फार हाव. पावसाळ्यात पाकीट फोडून ठेवलं की त्याचा गोळा होतो, मग मायमाऊली चमच्याने टोकरून देते आणि लेकराला एक दिवस कमी जातं, एक दिवस जास्त. आजवर सगळ्यांनी काय केलं, तर ती पावडर अजून वाळवली, अजून वाळवली. जेवढी जास्त वाळवावी तेवढी ती जास्त हपापल्यासारखी करते. माझ्या नातीनं उलटं केलं. पावडरीचे बारीक खडे धरत असतानाच तिला मोजकं पाणी पाजलं आणि मग हळूहळू वाळवलं. ते पाणी खड्याच्या आतच घर करून बसतं, आणि पोट भरलेल्या लेकरासारखी ती पावडर मग दुसऱ्याच्या ताटाकडे बघत नाही. मला तिनं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी भाकरीचं पीठ मळून राहिले होते. हातातला गोळा तसाच धरून मी म्हटलं, "म्हणजे कोरडं राहावं म्हणून पाणी घातलंस?" ती म्हणाली, "हाव ना, आज्जी. तेच."

तर या रीतीचं पेटंट मिळावं म्हणून कॉलेजानं अर्ज केला. पेटंट म्हणजे सरकार काही वर्षांपुरतं कबूल करतं की ही रीत हिची, हिला विचारल्याशिवाय कुणी वापरायची नाही. नांदेडच्या एमआयडीसीतला एक लहान कारखाना ही पावडर बनवायला तयार आहे, पण त्याला नवी यंत्रं बसवावी लागतील, आणि पेटंट असेल तरच तो त्या भानगडीत पडणार. नाहीतर सगळं कॉलेजच्या कपाटात. मग पेटंट ऑफिसातून तपासणीचा अहवाल आला. त्यात म्हटलं होतं की दोन जुने लेख आहेत, एक या औषधावरचा आणि एक त्याच्या चुलत भावासारख्या दुसऱ्या औषधावरचा, ज्याला पाणी पाजून स्थिर केलेलं आहे. हे दोन शेजारी ठेवले की या कामातल्या जाणकाराला ही रीत सहज सुचली असती. सहज सुचण्यासारख्या गोष्टीला पेटंट नाही. पोरगी त्या शनिवारी लातूरला आली ती तोंड एवढंसं करून. "सहज म्हणे," एवढंच म्हणाली आणि चहा गार होऊ दिला.

मी तिला विचारलं, हा जाणकार कोण? तिनं सांगितलं की असा कुणी माणूस नसतो, तो मनानं धरायचा असतो. त्या कामात मुरलेला, त्या धंद्यातलं सगळं वाचलेला, हाताचा पक्का, पण आपणहून वेगळी उडी न मारणारा. तपासणारे त्या माणसाला मनात उभं करतात आणि विचारतात, बाबा रे, तुला हे सुचलं असतं का? अण्णा, मी काय करू, माझ्या डोळ्यांसमोर तुम्हीच उभे राहिलात, धर्माबादच्या दवाखान्यातले कंपाउंडर. पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, बाटलीला डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवणारे. तेलंगणातून आलेल्या बाया खिडकीशी "मंदु, मंदु" करत औषध मागत उभ्या, आणि तुम्ही त्यांच्या बोलीत दोन शब्द टाकून त्यांना हसवताय. आणि मग मला आठवलं की तुम्ही खलात पावडर घोटता घोटता पितळी तांब्यातून पाण्याचा शिपका देत होता. खरखर आवाज बदलून चपचप व्हायचा. मला स्वच्छ आठवलं. मी टाळी वाजवली आणि म्हटलं, "अगं, हे तर माझे अण्णा करत होते. तू त्यांना सांग की हे आमच्या पणजोबांच्या हातचं आहे. ऐकून गप होतील."

आपल्याकडे दुसरं काय शिकवलंय, अण्णा? पोरानं काही नवं केलं की ते आधी जुन्यांच्या पायाशी नेऊन ठेवायचं, म्हणजे त्याला बळ येतं. मला वाटलं मी तिच्या हातात हुकमाचं पान देतेय. तुमचा नातू कोचावरून म्हणाला, "आई, विमानाचा शोध पण तुझ्या अण्णांनीच लावला असंल, एकदा आठवून बघ." मी त्याला म्हटलं, तू पेपर वाच. पण पोरगी हसली नाही. तिनं कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "आज्जी, कोणत्या पावडरीला?"

मग तिनं मला समजावलं. पेटंटच्या जगात आपली रीत उलटी चालते. एखादी गोष्ट आधीच कुणी चारचौघांत करत होता असं निघालं, की ती नवी राहत नाही. पणजोबा असले तरी नाही. पणजोबांनी खायच्या पुडीच्या औषधाला असं पाणी पाजून ते कोरडं ठेवलं असेल, तर तपासणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं की जाणकाराला हे सुचतंच. तुमचा नातू लगेच म्हणाला, "मग आज्जीला काही आठवत न्हाई. झालं." पोरगी म्हणाली, "नाही पप्पा. तसं असेल तर मला ते सांगावं लागेल. आज्जी, तू घाई करू नको. पण खरं काय ते आठव." आणि ती आपल्या खोलीत कागद काढून बसली. मला इतका अभिमान वाटला तिचा, आणि तितकीच भीती. तुमचं नाव मोठं करायला निघाले होते, आणि तिच्याच पानात माती कालवून बसले.

दोन दिवस मी धर्माबादच्या त्या दवाखान्यातच राहत होते म्हणा ना. मिरचीच्या पोत्यांची गाडी गेली की आपण दोघंही शिंकायचो. कपाटात खालच्या फळीवर कळीच्या चुन्याची पुरचुंडी असायची, हवा कोरडी राहावी म्हणून, आणि तिला हात लावायची मला बंदी. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण बाटल्यांवरची नावं वाचूनच मी इंग्रजी अक्षरं शिकले. पुढे आधी पोराची आणि मग नातीची रसायनाची पुस्तकं त्यांच्या शेजारी बसून वाचली. दवाखान्यात मी बाटल्या वाचायची तेव्हा तुम्ही कधी थांबवलं नाही, कौतुकही केलं नाही, फक्त एखादी बाटली पुढे सरकवायचा, वाच म्हणून. सगळं आठवत होतं. पण तो पाण्याचा शिपका कशावर पडतोय, तेवढंच दिसत नव्हतं.

ते दिसलं स्वयंपाकघरात. कोशिंबिरीला बीट किसत होते आणि बोटांची पेरं गुलाबी झाली. मी ती बोटं बघत उभी राहिले. तुमची बोटं अशीच असायची, अण्णा. आई जेवायला वाढताना म्हणायची, "आज घामोळ्यांची गर्दी होती वाटतं." ती गुलाबी पावडर. खाज आणि घामोळ्यांवर लावायची, पाण्यात घोटून पातळ करून बाटलीत भरायची. तिला पाणी लागायचंच, ती ओलीच द्यायची होती. पोटात घ्यायची पुडी ती नव्हे. आणि एवढं दिसल्यावर मग पुडीचा दिवसही आपोआप समोर आला. मी तांदूळ धुऊन तशीच पळत दवाखान्यात आले होते, पुड्या बांधायला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हात दाखव." मी दाखवले. "परत जा. पुसून न्हाई, वाळवून ये. पुडीला पाण्याचा वाससुद्धा लागू द्यायचा न्हाई." मी म्हटलं, थेंबभर तर आहे. तर तुम्ही म्हणालात, "लई शहाणी झालीस. थेंबभर पाण्यानं मणभर औषधाचा चिखल होतो." उन्हात हात पसरून मी ओसरीवर बसून राहिले, कबुतरं बघत. त्या वेळी राग आला होता.

बिटाचे हात तसेच घेऊन मी पोरीच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. तिनं दोनदा ऐकलं. मध्येच विचारलं, कपाटात चुना का? चुना काय करतो? मी सांगत गेले. शेवटी ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, "आज्जी, हाच तो माणूस. वर्षानुवर्षं औषध हाताळलेला, आणि पाण्याच्या जवळसुद्धा न जाणारा." मग मात्र हसली. मला मिठी मारली तर तिच्या पांढऱ्या ओढणीवर माझी पाची बोटं उमटली. सूनबाई अजून बोलतेय त्यावर.

सुनावणी कॉम्प्युटरवरच झाली, आमच्या जेवणाच्या टेबलावर. कॉलेजचे वकील एका चौकोनात, पेटंट ऑफिसच्या तपासणाऱ्या मॅडम एका चौकोनात. मला कॅमेऱ्याच्या बाहेर बसवलं होतं आणि मी बोलू नये म्हणून तुमच्या नातवाला पहाऱ्याला ठेवलं होतं. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, थोडं समजलं, बाकी पोरीनं नंतर जेवताना सांगितलं. मॅडम कडक होत्या पण खडूस नव्हत्या. आधी त्यांनी विचारलं की हे जुन्याच औषधाला नवा सदरा घालणं तर नाही ना. आपल्या देशात तसा नियम आहे, जुन्या औषधाचं रूप बदललं तर ते जास्त गुणकारी असल्याशिवाय पेटंट देत नाहीत. चांगला नियम आहे, अण्णा, त्यानं गरिबाचं औषध गरिबाच्या आवाक्यात राहतं. पोरगी म्हणाली, औषध जुनंच आहे आणि ते सगळ्यांचं आहे, आम्ही फक्त बनवायच्या रीतीबद्दल विचारतोय. मग मुद्द्याचा प्रश्न आला. हे दोन लेख समोर असलेला जाणकार एकदा तरी पाणी घालून बघणार नाही का?

पोरगी म्हणाली की नाही बघणार, कारण त्याच्या हाताला उलटंच वळण असतं. पहिल्या लेखातच बजावलंय की या औषधाला पाणी दाखवू नका, आणि दुसऱ्यातलं औषध पाण्यानं बिघडतच नाही, त्याचा धडा इथं लागू होत नाही. आम्ही स्वतः पाणी जरा जास्त घालून बघितलं तर चिखल झाला, जरा कमी घातलं तर पहिल्यासारखाच गोळा. मधली जागा फार अरुंद आहे, ती शोधावी लागली. मॅडमनी विचारलं, मग तुम्हालाच का सुचलं? आमची पोरगी, खरंच बोलणार. म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीत पाणी पडून ओली झालेली पावडरीची एक बशी टाकून द्यायची राहिली होती, परत आलो तर बाकी सगळ्या बशांतली पावडर चिकटलेली आणि तेवढीच भुरभुरीत. मॅडम हसल्या, असं तुमचा नातू सांगतो, मला नीट दिसलं नाही. त्यांनी लेखी म्हणणं मागवलं, ते दिलंय. निकाल यायचा आहे. वकील म्हणतात, आशा आहे. कारखानदारानं परवा फोन करून विचारलं की यंत्रांची चौकशी सुरू करू का. पोरगी म्हणाली, चौकशी करा, आणायची घाई करू नका. आवाजावरून तरी गडी तयार आहे.

एक सांगून टाकते, दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही. मॅडम जेव्हा विचारत होत्या की त्या जाणकाराला सुचलं नसतं का, तेव्हा पोरीचं सगळं पणाला लागलेलं असताना, एक क्षण मला वाटलं की हो म्हणावं. सुचलं असतं, माझ्या अण्णांना सुचलं असतं. ओठावर आलं होतं. तुमच्या नातवानं माझ्या हातावर हात ठेवला म्हणून नव्हे, माझं मीच गिळलं. तुम्हाला सुचलं नव्हतं, आणि त्यात तुमचं काही कमी होत नाही, हे मला या वयात कळतंय. तुम्ही तुमच्या हातचं चोख केलं, म्हणून तर तिला उलटं करायला जागा राहिली.

तरीही मनात एक बारीकशी शंका शिल्लक आहे, म्हणून विचारते. मी घरी असताना, पाऊस लागून राहिला असताना, खिडकीशी कुणी नसताना, तुम्ही कधी एकदा तरी पुडीच्या औषधाला थेंबभर पाणी दाखवून बघितलं होतं का? असेल तर तसं कळवा, ती पोरगी मॅडमना जाऊन सांगेल, मी तिला ओळखते. नसेल तरी कळवा. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून पुडीची घालायचो तशीच घडी घालून, कडा एकीत एक अडकवून, कपाटात ठेवतेय. हात वाळवून घेतलेत. तब्येतीला जपा, आणि लवकर उत्तर लिहा.