तक्त्यातला सर्वांत उथळ डोळा

अवसरी खुर्द,
१० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

नमस्कार. वहिनींना नमस्कार, स्वराजला पापा. इथं सगळं ठीक आहे. खोलीची मालकीण रोज ताक पाठवते, मी पिते, झोप लागते. मांजरीला पिल्लं झाली म्हणे, किती झाली? फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू मधेच "जाऊ दे गं तेजे" म्हणतोस आणि मलाही तेवढंच हवं असतं.

माझा प्रबंध संपला. मी नक्की काय करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. डोळ्यावर पुढून घड्याळावर असते तशी पारदर्शक काच असते. ती काच आणि मागचा रंगीत पडदा यांच्यामधे पाण्याचा छोटा कप्पा असतो. तो किती खोल आहे हे मी मशीनवर मोजते. चष्म्याच्या मायनस नंबरवाल्यांचा खोल निघतो, बिननंबरवाल्यांचा साधारण तीन मिलिमीटर, प्लसवाल्यांचा उथळ. दोन वर्षं हेच मोजलं.

तक्त्यात नावं नसतात, क्रमांक असतात. काल सरांनी सत्त्याऐंशी क्रमांकाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. १.८२. "सर्वांत उथळ डोळा. छान मिळाला," म्हणाले. मी "हो सर" म्हटलं आणि चहा प्यायले.

तो आईचा उजवा डोळा आहे.

ऑक्टोबरात आपल्या पिंपळवंडीला डोळ्यांचं शिबिर घेतलं, त्या दिवशी तू नारायणगावला टोमॅटो घेऊन गेला होतास. आई सकाळीच सगळ्यांसाठी भाकरी घेऊन शाळेत आली आणि भिंतीला टेकून बसली. मी नंबर लाव म्हटलं तर म्हणाली, "आदी पावण्यांचं बग. आपून घरचीच हाओत, कुटं पळून जातोय?" लग्नात घरच्या बायका शेवटच्या पंगतीला बसतात, तशी ती दिवसभर थांबली. तिची पाळी आली तेव्हा साडेपाच वाजत आले होते आणि आमचा गाडीवाला हॉर्न देत होता. मी मोजलं, आकडा लिहिला, पण वाचला नाही. ओळीत बसलेल्यांना बाहुली मोठी करायचे थेंब मी घालत होते, तसे तिच्याही उजव्या डोळ्यात घातले.

इतक्या उथळ डोळ्यात ते थेंब घालायचे नसतात, दादा. पडदा पुढं सरकतो, पाण्याची वाट बुजते, डोळ्यात दाब चढतो. आधी आकडा बघायचा, मग थेंब. हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. आधीच्या शहाऐंशी माणसांचा मी बघितला होता.

दिवेलागणीनंतर तुझा फोन आला. डोकं ठणकतंय, ओकाऱ्या होतायत. मी म्हटलं, दिवसभर उपाशी बसली, पित्त असेल, गोळी दे. दुसऱ्या दिवशी तू परत विचारलंस, मी परत तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी तू तिला दवाखान्यात नेलंस तेव्हा डोळा गेला होता. सुभाषमामा सगळ्यांदेखत बोलला, "याला टोमॅटोचा बाजार म्होरं, आय मागं." तू मान खाली घातलीस. तेव्हापासून दर संकष्टीला अनवाणी ओझरच्या गणपतीला जातोस.

आईला ठाऊक आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "थेंबबिंब काय न्हाई" म्हणाली. मग माझा हात धरून, "सुदर्शनदादाला सांगू नगं. तू शिकल्याली, तुजं नाव जाईल. त्यो गडी मानूस हाय, सोसंल." मी गप्प राहिले, चार महिने. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. जेवते, आकडे टाइप करते. लाज तेवढी वाटते.

तिच्या डाव्या डोळ्याचा आकडा १.८६ आहे. तोही असाच एखाद्या दिवशी जाईल. लेझरनं पडद्याला बारीक भोक पाडून पाण्याला वाट करून देतात, दहा मिनिटांचं काम आहे. दोनदा तुला फोनवर म्हटलं, पण खरं कारण लपवून म्हटलं. तू म्हणालास, आता तिच्या डोळ्याला कुणाचाही हात लागू देणार नाही. तुझं बरोबर होतं. तो हात माझा होता, एवढंच तुला माहीत नव्हतं.

तिला शुक्रवारी लेझरसाठी मंचरच्या दवाखान्यात आण. मी नुसती बाहेर बसेन, हात लावणार नाही. सत्त्याऐंशी क्रमांक कुणाचा आणि त्या डोळ्याचं मी काय केलं, ते सरांना उद्या सांगणार आहे. मग प्रबंधाचं काय व्हायचं ते होवो. सुभाषमामाला मात्र तू सांगू नकोस, ते मीच सांगेन, त्याच्या ओट्यावर बसून.

रविवारी संकष्टी आहे. वहिनी सांगत होत्या, तुझ्या टाचांना भेगा पडून रक्त येतं. चप्पल घालून जा, दादा. ते चालणं माझ्या वाट्याचं होतं.

'तुझी' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
तेजस्विनी