नको तितकी लख्ख नळी

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
शस्त्रे व नेमबाजी विभाग,
राखीव दल मुख्यालय.

अर्जदार : शस्त्रागार मिस्त्री (दलात ‘नळीकाका’ या नावाने परिचित), सेवा एकतीस वर्षे.

विषय : वार्षिक स्पर्धेत दहा गोळ्या भरकटल्याचा दोष महिला शिपाई (अर्जदाराची कन्या) हिच्यावरून काढून अर्जदारावर ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. २) त्यांवर आपल्या कार्यालयाचे एकच उत्तर : ‘स्वच्छता हा दोष होऊ शकत नाही.’ ३) अर्जदारास मिळालेले उत्कृष्ट स्वच्छतेचे प्रशस्तिपत्र. ते या अर्जासोबत परत करीत आहे.

महोदय,

१. अर्जदार आपल्या शस्त्रागारात रायफली उघडणे, पुसणे, दुरुस्त करणे व परत जोडणे हे काम करतो. त्याची एकुलती एक मुलगी याच दलात शिपाई असून नेमबाजी संघात होती. ‘होती’ असे लिहावे लागते, म्हणून हा तिसरा अर्ज.

२. मागच्या उत्तरावरून असे वाटते की, नळीचा स्वभाव कार्यालयाच्या ध्यानात आलेला नाही. तो थोडक्यात सांगतो. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतात. गोळी गेली की शिशाचा व धुराचा बारीक थर त्या पिळांवर बसतो. थर फार साचला तर नेम बिघडतो, म्हणून नळी साफ करतात. परंतु थर पार खरवडून काढला तरीही नेम बिघडतो. कोऱ्या नळीतून पहिल्या दहा-पंधरा गोळ्या कुठे जातील याचा भरवसा नसतो. थर पुन्हा बसला की ती मार्गावर येते. नवी चप्पल पायाला सरावायला चार दिवस लागतात, तसेच हे. म्हणून स्पर्धेआधी आठ दिवस नळीला ब्रश लावायचा नाही, एक कोरडी चिंधी तेवढी फिरवायची, असा आमच्याकडे नियम आहे. तो शस्त्रागाराच्या भिंतीवर ठळक रंगवलेला आहे. अक्षर अर्जदाराचेच आहे.

३. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी जेवताना मुलगी सहज म्हणाली की, गोळ्या केसभर डावीकडे जात आहेत. महोदय, ती केसभर म्हणाली. बापाच्या मनात ते हातभर झाले. शस्त्रागारात परतल्यावर अर्जदाराने तिची नळी खिडकीकडे धरून आत पाहिले, तर एक काळसर रेघ दिसली. अर्जदाराच्या हाताला खाज आहे असे पत्नी नेहमी म्हणते, ते खोटे नाही. त्याने तारेचा ब्रश फिरवला. रेघ गेली. तिथेच हात आवरायचा होता. पण उद्या लेकीचा सामना, आणि बाप मिस्त्री. त्याने झिलईची पेस्ट काढली, गजाला चिंधी गुंडाळली आणि अडीच तास नळी घासली. दुसऱ्या कोणाची नळी अर्जदाराने इतक्या मायेने कधी घासली नाही, आणि बिघडवलीही नाही.

४. पाच वाजता मुलगी रायफल न्यायला आली. अर्जदाराने नळी उजेडाकडे धरून तिला आत बघायला लावले व आरसा झाला की नाही, असे विचारले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “छान झालंय, बाबा.” अर्जदार त्या खुशीत घरी गेला व दोनदा चहा प्याला.

५. स्पर्धेत चाचणीच्या दोनच गोळ्या मिळतात. त्यानंतरच्या चाळीस मोजतात. मुलीच्या पहिल्या दहा गोळ्या वाट फुटेल तिकडे गेल्या. तिसऱ्या गोळीलाच अर्जदाराला आपले अडीच तासांचे घासणे आठवले; काय झाले ते मैदानात त्याच्याइतके कोणालाच कळलेले नव्हते, असे त्याला वाटले. उरलेल्या तीस गोळ्या मधोमध बसल्या, पण तोवर जायचे ते गेले होते. चौकशीत मुलीने सांगितले, “चूक माझी. हात कापला.” समितीने तिच्या सेवापत्रकात ‘दडपणाखाली हात कापतो, नेमबाजीस अयोग्य’ असा शेरा मारला. कापणारा हात अकराव्या गोळीपासून बरा कसा झाला, हे कोणी विचारले नाही. आज ती फाटकावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक लिहिते.

६. समितीने नळीतही पाहिले. एवढ्या गोळ्या झाडूनही इतकी स्वच्छ नळी पाहिली नव्हती, म्हणून अर्जदारास प्रशस्तिपत्र दिले. ते देताना मुलगी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. अर्जदाराने तेव्हाच तोंड उघडायला हवे होते. उघडले नाही. ती स्वतः हात कापला म्हणते, तर कापलाही असेल, या काडीला धरून अर्जदार दोन महिने तरंगत राहिला. या दोन महिन्यांची लाज वाटते, हे इथे स्पष्ट लिहितो.

७. गेल्या महिन्यात चांदमारीच्या मैदानाचे रखवालदार भेटले. त्यांनी सांगितले की, स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी साडेपाचला मुलगी धावत त्यांच्याकडे आली होती व वीस गोळ्या झाडू द्या म्हणून विनवीत होती. मैदान बंद झाले होते आणि हुकमाशिवाय त्यांना कुलूप काढता येईना. त्यांनी तिला सुचवले की, मग राखीव रायफल माग. त्यासाठी शस्त्रागाराची कारणासह चिठ्ठी लागते. त्यावर ती जे म्हणाली ते रखवालदारांनी लिहून दिले असून सोबत जोडले आहे : “काका, कारण लिहिलं तर बाबांची एकतीस वर्षं त्या चिठ्ठीवर जातील. त्यांना कळू देऊ नका. फार मनापासून केलंय त्यांनी.”

महोदय, तिला सगळे ठाऊक होते. ती नळीत बघत उभी होती तेव्हाच ठाऊक होते. ते ऐकून अर्जदार मैदानाच्या पायरीवर बसून रडला. रखवालदारांनी पाणी आणून दिले.

८. तिचा हात कापत नाही याचा आणखी पुरावा देतो. अर्जदाराच्या पत्नीला आता सुईत दोरा ओवता येत नाही. मुलगी फाटकावरून दमून आली तरी उभ्याउभ्या पहिल्याच खेपेला ओवून देते. पत्नीने सलग चौदा दिवस हे पाहून तसे लिहून सही केली आहे. हा पुरावा नियमात बसतो की नाही ते माहीत नाही. दुसरा सुचला नाही.

९. सेवापत्रके महिनाअखेर कायम होतात. त्यानंतर शेरा पुसता येत नाही. अर्जदारही येत्या तीस तारखेस निवृत्त होत असून, पुढे त्याची चौकशी करता येणार नाही असे मोठे कारकून म्हणतात. ते निरोपाच्या कार्यक्रमाला हार किती आणायचे हेही विचारत होते. हार नकोत. त्याआधी चौकशी लावावी, नियम मोडल्याचा ठपका अर्जदारावर ठेवावा आणि मुलीचा शेरा काढावा. पुरावा हवा असल्यास तिची नळी अर्जदाराकडून पुन्हा तशीच घासून घ्यावी व आपल्या पसंतीच्या कोणत्याही नेमबाजाला चाळीस गोळ्या झाडायला सांगावे. त्याच्या पहिल्या दहा कुठे जातात ते आपण स्वतः पाहावे.

१०. शेवटची विनंती अशी की, हा अर्ज मुलीला न विचारता निकाली काढावा. आपण बोलावलेत तर ती ताठ उभी राहील, सरळ आपल्या डोळ्यांत बघेल आणि हातच कापला म्हणून सांगेल. आवाजही हलणार नाही. अर्जदाराने तिला लहानपणापासून खरे बोलायला शिकवले आणि ती तशीच वाढली; एवढे एकच खोटे तिने धरून ठेवले आहे, आणि बापासाठी धरले असल्याने ती ते सोडायची नाही. कृपया तिचे ऐकू नये.

आपल्या दयेची नव्हे, ठपक्याची वाट पाहणारा,

(सही)
शस्त्रागार मिस्त्री
दिनांक : अकरा, चालू महिना