मागचा दिवा

कॅम्प, ४ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हादरलोच. बाबा उभ्या हातगाडीवर जाऊन आदळले, गुडघा फुटला, आणि हे सगळं तू पत्राच्या शेवटी, माझ्या स्वेटरची चौकशी करून झाल्यावर लिहितेस? इथे बांधकामाच्या कॅम्पवर फोन लागत नाही, टपालाची गाडी आठवड्यातून एकदा येते. तेव्हा यापुढे पडझडीच्या बातम्या आधी आणि स्वेटर नंतर.

तू म्हणतेस की सायकलचा दिवा मिणमिणता आहे, म्हणून ते जपून चालवतात आणि दुकानातून वीस मिनिटांत यायचे ते तासाभराने येतात. पटलं. सोबतच्या खोक्यात नवे दिवे पाठवतोय, माझ्या हाताने जुळवलेले. त्या म्हाताऱ्या सायकलला, म्हणजे तुझ्या सवतीला, नवं काही लावू देणार नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणून पुढच्या दिव्याचं चंदेरी कवच जुनंच ठेवायचं, फक्त आतला बल्ब काढून ही एलईडीची चकती बसवायची. डायनॅमोही जुनाच राहील. सायकलवाल्याला सांग, डायनॅमोच्या पट्टीखालचा रंग खरवडून काढ, नाहीतर दिवा लुकलुकेल.

खरी करामत मागच्या दिव्यात आहे. त्यात मी वीज साठवणारी छोटी डबी घातली आहे. सायकल थांबली की डायनॅमो थांबतो आणि पुढचा दिवा विझतो, पण मागचा लाल दिवा त्यानंतरही अर्धा-पाऊण तास जळत राहतो. अंधारात थांबले तरी मागून कुणी धडकणार नाही. एवढं त्यांना आठवणीने सांग, नाहीतर बिघडला म्हणून उपटून टाकतील.

कळावे. लोभ आहेच, गुडघ्याकडे बघा.
तुझा धाकटा


घर, १६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

दिवे लागले. पहिल्या रात्री पुढचा दिवा पेटला तेव्हा मी दचकून मागे सरले, इतका लख्ख. तुझं पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. दिवसभर चष्म्याच्या काचा घासून ह्यांचे डोळे संध्याकाळी उघडायला तयार नसतात, म्हणून वाचन माझ्याकडे. तारांचा आणि डब्यांचा मजकूर मात्र मी गाळला. मलाच ज्यातलं ओ की ठो कळत नाही ते ह्यांना काय वाचून दाखवू? सायकलवाल्याने सगळं बरोबर बसवलं, तेव्हा काही अडलं नाही.

तू मागच्या दिव्याला लावलेली लाल प्लास्टिकची काच ह्यांनी काढून फेकली. गोळीच्या कागदासारखी आहे म्हणाले. दुकानातला लाल काचेचा तुकडा आणून स्वतः घासला. आणि तुला हसू येईल, चष्म्यात खाली वाचायचा भाग असतो ना, तशी अर्धी चकती त्या काचेतही केली आहे. का, तर थोडा उजेड खाली रस्त्यावर पडायला हवा. सायकलला जवळचं दिसत नाही का, असं मी विचारलं तर दोन दिवस अबोला.

ताईचं नाव मात्र घरात अजून काढायची सोय नाही. वर्ष होऊन गेलं. दोघं बापलेक एका बाकावर काचा घासायची, आणि तिने गिऱ्हाइकांसमोर म्हणावं की बाबा, तुमची नजर गेली, आता हे घासायचं चाक सोडा! हे तरी काय कमी? तुझ्या उंबरठ्याला माझा पाय लागणार नाही म्हणून बसले. तिने घरीच चाक मांडलं, आणि हे आपल्या बोलाला घोरपडीसारखे चिकटून आहेत.

आता खरा धक्का ऐक. एवढा दिवा लावूनही हे घरी येतात त्याच वेळी.

स्वेटर घालत जा. बाकी माया तुझ्या वाट्याची वेगळी काढून ठेवली आहे.
आई


घर, १९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आज थोडक्यात लिहिते. परवा हे डबा दुकानातच विसरले, तो आणायला काल दुकान बंद व्हायच्या सुमाराला मी गेले, तर मालक म्हणाले की ते कधीच निघाले. रोज वेळेवर निघतात, उलट घाई असते म्हणे. मी घरी येऊन दारात बसले. स्वारी नेहमीच्या वेळेला उगवली. कुठे होता विचारलं तर वारा समोरून होता म्हणाले. पानही हलत नव्हतं रे!

या वयात मी काय काय समजायचं? इतकी वर्षं ती सायकल माझी सवत म्हणून थट्टा केली. आता खरीच कुणी निघाली तर मी तोंड कुठे लपवू? ताईला यातलं अक्षर कळवू नकोस.

तुझी आई


माझ्या घरून, २० ऑक्टोबर

प्रिय धाकट्यास अ. आ.

आईला सांगणार नसशील तरच पुढे वाच. ती आधीच चिमणीएवढं जेवते.

आमच्या घरावर कुणीतरी पाळत ठेवून आहे. संध्याकाळी मी खिडकीपाशी चाक लावून बसते, हे तुला माहीत आहे. गेला आठवडाभर, चाक सुरू झालं की थोड्या वेळाने पडद्यावर लाल उजेड येतो. एकच गोळा, आणि त्याच्या खालच्या अंगाला जास्त उजळ अर्धी चकती, झोपाळलेल्या डोळ्यासारखी. हलत नाही, आवाज नाही. मी काच संपवून चाक थांबवलं की तोही जातो. पहिल्या दिवशी माझ्या हातातली काच पडून फुटली. आता चाकाला हात लावायला नको वाटतं, पण कामं अडून राहिली आहेत, बसावं तर लागतंच.

कुणी सायकलवाला असेल म्हणावं, तर सायकलचा दिवा थांबल्यावर जळत नाही. बाबांच्या मागे बसून सगळं लहानपण गेलं, एवढं मला नक्की कळतं.

तुझ्या भावजींना सांगितलं तर ते भडकलेच. एरवी पाव भाजणारा हा शांत माणूस, पण म्हणाले की शनिवारी भट्टी लवकर बंद करतो. ते आणि वरच्या मजल्यावरचे सुतार गल्लीत पडलेल्या मोठ्या पाइपाआड दबा धरून बसणार आहेत. भट्टीतून पाव ओढायचं ते लांब लाकडी फावडं दाराशी आणून ठेवलंय. मी रोजच्यासारखं चाक चालवायचं, म्हणजे तो येईल. एक घाव की दोन तुकडे, असं म्हणतायत. मला त्या माणसाची भीती वाटते आणि ह्यांचीही.

लवकर लिही. तुझं पत्र आलं की धीर येतो, मग त्यात शुद्धलेखनाच्या कितीही चुका असोत.
ताई


कॅम्प, २४ ऑक्टोबर

ताई, नमस्कार वगैरे नंतर.

तो माणूस बाबा आहेत. फावडं आत ठेव.

आईची पत्रं आणि तुझं पत्र एकाच पिशवीतून आली. एकापाठोपाठ वाचली आणि मी खुर्चीतून उठलोच. तो दिवा मी केला आहे. सायकल थांबली तरी तो जळत राहतो, तसा मीच केलाय, आणि आईने नेमकं तेवढंच त्यांना वाचून दाखवलं नाही. त्यांची पाठ दिव्याकडे, त्यांना कसं दिसणार? त्यांना वाटत असेल, थांबलो की काळोख आणि आपण कुणाला दिसत नाही. इतके महिने तसंच होत असणार. ती अर्धी चकती कुणाची, ते तू तरी मला विचारू नकोस.

उद्या शनिवार आहे. सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर रात्रभर गाडी हाकणार आहे, त्याच्या हातात हे देतोय. पोचू दे, एवढंच मागणं आहे.
धाकटा


माझ्या घरून, २६ ऑक्टोबर

प्रिय धाकट्यास अ. आ.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. ट्रकचं चाक वाटेत बसलं होतं म्हणे. आग विझल्यावर बंब आला तसं झालं.

काल संध्याकाळी मी चाक सुरू केलं. हे आणि सुतार बाहेर अंधारात. पडदा मुद्दाम बाजूला सारून ठेवला होता, म्हणजे मला खूण करता येईल. लाल उजेड आला, तो या वेळी पडद्यावर नाही, खोलीतल्या समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडला. आणि मी बघतच राहिले. काय कडा होती रे! गोळ्याची कडा केसभर हललेली नाही, आणि खालच्या चकतीची वरची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की ही काच ज्याने घासली त्याचा हात पक्का आहे. मग कळलं, ती अर्धी चकती म्हणजे चष्म्यातला वाचायचा भाग. सायकलच्या दिव्यात वाचायचा भाग घालणारा माणूस जगात एकच असणार.

मी चाक तसंच फिरतं टाकून धावले, पण उशीर झाला होता. ह्यांनी ऐनवेळी फावडं टाकून मैद्याचं रिकामं पोतं त्या माणसाच्या डोक्यावरून कमरेपर्यंत ओढलं होतं, आणि सुतारांनी मागून कवळ घातली होती. मी बाबा म्हणून ओरडले. आमचे हे जागीच थिजले. सुतारांचे हात आपोआप सुटले.

पोत्यातून वर्षभरात पहिल्यांदा बाबा माझ्याशी बोलले. म्हणाले की तू उजवीकडे जास्त दाबतेस, चाक एका बाजूने झिजेल, केव्हाचं ऐकतोय.

पोतं काढलं तर भुवयांपासून मिशांपर्यंत पांढरेफटक. मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. ते रोज चाकाचा आवाज ऐकायला येत होते, धाकट्या. खिडकीत बघायलाही नाही. पाठ करून, एक पाय रस्त्यावर टेकून, नुसते ऐकायचे. नजर गेली असेल त्यांची, पण कान आणि बोटं गेलेली नाहीत, आणि हे मी गिऱ्हाइकांसमोर सांगायला तयार आहे.

आत चला म्हटलं तर नाही. उंबरठ्याला पाय लावणार नाही म्हणून सांगितलंय, आणि बोललेलं मोडायचं नाही. मी तिथेच पायरीवर बसून घेतलं. तेव्हा हे पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाले की पाय लावायचा नाही ना, मग लावू नका. दोघांनी सायकल पुढून-मागून धरली आणि बाबांना सीटवर बसलेलंच ठेवून उंबरठ्यावरून आत आणली. बाबांनी दोन्ही पाय वर घेतले होते, लहान मुलासारखे. खोलीत दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही. मागचा लाल दिवा जळत होता, त्याच उजेडात सुतार आईला आणायला गेले.

आई आली ती दारातच मटकन बसली. नवरा पिठाने माखलेला, खोलीत सायकलवर. तिने आधी त्यांना बघितलं, मग मला, आणि विचारलं की हीच का ती. आम्हाला कुणाला काही कळलं नाही. तुला कळतंय का?

तू इथे हवा होतास. तेवढं सोडलं तर माझ्याकडे आत्ता सगळं आहे.
ताई


घर, २ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

हे पत्र मीच लिहितो आहे. तुझ्या आईच्या हाती दिलं तर ती निम्मं गाळेल.

मला फार मोठा धक्का बसला. तो पोत्याचा नव्हे. अर्ध्या चकतीवरून पोरीने मला ओळखलं, त्याचा. ती शिकली आहे म्हणायचं.

सुताराने तिच्या उंबरठ्यावर उतरती फळी ठोकून दिली आहे. रोज संध्याकाळी मी सायकलवरूनच आत जातो. उतरून चालत जावं असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. ती मागे बसून येते, तिचे पाय लागले तरी चालतात. माझा विचार चालू आहे.

तुझा पुढचा दिवा उत्तम आहे. मागच्यात मोठा दोष आहे. माणूस थांबला तरी तो विझत नाही, आणि कुणाच्या दाराशी थांबला ते सगळ्या गल्लीला सांगत बसतो. जुन्या दिव्याने मला असं कधी उघडं पाडलं नव्हतं.

दुरुस्त करू नकोस.

तुझे बाबा