ताई, तुझा हुकूम हवा आहे

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो हल्ली कागदावरच घालता येतो.) तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस ना? इकडे सगळं ठीक, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. खरं तर घराचा पार बोजवारा उडाला आहे.

नातू रोज दिवेलागणीला रडायला लागतो. लालबुंद होतो, मुठी आवळतो, पाय पोटाशी घेतो. (हे त्याला ‘भोंगा’ म्हणतात. आजोबांना शोभतं का?) बाळाचं पोट दुखतं म्हणजे आईच्या खाण्यातलं काहीतरी बाधलं, हे मला कोणी शिकवायला नको. मी साधी पद्धत ठेवली. भोंगा वाजला की सूनबाईचं दुपारचं ताट आठवायचं आणि त्यातलं एक काहीतरी बाद करायचं. आधी कोबी गेला, मग हरभरे, कांदा, लसूण, चहा. वांग्याला तर मी चौकशीविनाच काढलं, त्याचं तोंडच तसं आहे. तिच्यासमोर कोणी चमचमीत खायचं नाही असंही फर्मान काढलं. तेव्हापासून ह्यांना शेजारी रोज महत्त्वाचं काम निघतं आणि मिशीला मसाला लावून परत येतात. शेवटी ताटात उरला मऊ भात आणि मीठ. त्या संध्याकाळी पोर सगळ्यात जास्त रडलं. मी मिठाच्या बरणीकडे संशयाने बघत होते, तेवढ्यात मुलगा मायलेकरांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मीही मागोमाग गेले.

बाई म्हणाल्या, बाळ छान वाढतंय, अशी रड पुष्कळ बाळांना असते, काही महिन्यांत आपोआप थांबते. आईच्या खाण्याचा सहसा संबंध नसतो. एखाद्याच बाळाला काही बाधतं, तशी लक्षणं दिसली तर आपण बघू. आईला मात्र पोटभर जेवू द्या, ती वाळत चालली आहे. मी मनात म्हटलं, कालच्या पोरीला काय कळतंय! (चाळिशीची असावी.)

पण ताई, काल दुपारी स्वयंपाकघरात गेले तर सूनबाई ओट्याशी पाठमोरी उभी. आम्हा बाकीच्यांचा कांदा चिरलेली फळी तिने नाकाशी धरली होती, डोळे मिटून. मला पाहताच चोरी पकडल्यासारखी ती फळी धुवायला लागली. माझ्या घरात, ताई, बाळंतीण वासावर पोट भरते आहे! तोंडातून मात्र एवढंच निघालं, की फळी नीट घास.

बाकी क्षेम. भाओजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. सूनबाईने सगळं खावं, असा मला तुझा हुकूम हवा आहे. करड्या शब्दांत लिही, मला चार शब्द सुनावलेस तरी चालेल. (सहा नकोत.) मी आपणहून माघार घेतली तर ह्यांचं मिशीतलं हसू जन्मभर बघावं लागेल. तुझ्यापुढे माझं काही चालत नाही, हे मात्र जगजाहीर आहे.

आणखी ता. क. तुझं उत्तर येईपर्यंत धीर निघाला नाही. ते आलं, असं मी आज सकाळीच घरात सांगून टाकलं. तू मला बरंच झापलं आहेस, तेवढं आता लिहून पाठव. सूनबाईने कांदा घातलेली भाजी दोनदा वाढून घेतली, तुला नमस्कार सांगितलाय. संध्याकाळी भोंगा वाजलाच. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी दुपारचं ताट आठवलं नाही, ताई. त्याला उचललं आणि खांद्यावर घेऊन फिरत राहिले.