वाकड्या डोक्याची ड्राइव्ह

अशोका गार्डन, भोपाळ
२८ ऑक्टोबर २०२४

चि. निनाद यास,

आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला कट करायचं बटण नसतं.

आईचा गुडघा आणि माझं वर्तमानपत्रातलं सदर, दोन्ही रडतखडत चालू आहेत. तू शेवटचा उतरलास ते हबीबगंज स्टेशन आता राणी कमलापती झालंय. तिकीट काढताना गोंधळू नकोस. काढणारच आहेस असं धरून लिहिते.

खंडेनवमीला आईने याही वर्षी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरची पूजा केली. पहिली पूजा आठवते? "तोंड आहे त्याला, नैवेद्य नको?" म्हणत तिने फ्लॉपीच्या फटीत अक्षता सारल्या होत्या. बाबांनी त्या स्वेटरच्या सुईने उकरल्या आणि ड्राइव्हचं डोकं कायमचं वाकडं झालं. तेव्हापासून तिच्यात लिहिलेली फ्लॉपी जगात कुठे उघडत नाही, आणि जगाची तिच्यात. तू म्हणालास, "अगदी आपल्या घरासारखी झाली." तेव्हा घरातला विनोदी माणूस तू होतास. नंतर ते काम माझ्यावर पडलं.

यंदा म्हटलं, चालू तरी होतो का पाहू. झाला. आतली बॅटरी मेलीय, त्यामुळे तारीख दाखवतो १ जानेवारी १९८०. त्या हिशेबाने आपली धाकटी जुई अजून जन्मायचीच आहे.

माझ्या जुन्या लेखांच्या फ्लॉप्या घालून पाहिल्या. काही वाचल्या, काहींना बुरशी. एकीने पहिल्यांदा अर्धा लेख दिला, दुसऱ्यांदा नुसती खरवड. लेख भिकार होता, दुःख नाही. पण कळलं, की तुझ्याकडच्या फ्लॉपीला एकच संधी मिळेल.

तीच. जुईने याच मशीनवर माइकसमोर बसून स्वतःचा आवाज भरलेली. तिच्या तेराव्यानंतर तू ती पुण्याला नेलीस. तिथलं मशीन विचारत असेल, "फॉरमॅट करू का?" हो म्हणाला नाहीस ना?

एम. पी. नगरचा दुकानदार म्हणाला, "दीदी, नई ड्राइव्ह लगा देता हूँ, पाँच मिनट का काम." त्याला म्हटलं, राहू दे बाबा, आम्हाला वाकडीच हवी.

चालू करताना ती ड्राइव्ह रिकामीच खर्रर्र करते, मग टक्-टक्. पहिल्या दिवशी तो आवाज झाला आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "जुई, पुरे आता ते. ताट वाढलंय."

मी म्हटलं, "आई, मी आहे."

"तू ये गं. तिलाही आण."

ताटं तीन होती. आई गेले कित्येक दिवस दोन घास खाऊन उठायची. त्या दिवशी पोटभर जेवली.

म्हणून आता मी रोज जेवणाआधी मशीन चालू करते. खर्रर्र होतं, आई हाक मारते, जेवते. तिसरं ताट मी झाकून ठेवते.

काल हाक आली तेव्हा मी वळून मागची खुर्ची पाहिली. हसू नकोस. कुणी नव्हतं. वाईट ते नाही. वाईट हे, की कुणी बोललं असतं तरी तो जुईचा आवाज आहे की नाही, मला ओळखता आलं नसतं. तो मला आठवत नाही, निनाद. आईला विचारलं, कसा होता गं? म्हणाली, "आत्ता तर बोलली."

फ्लॉपी कुरिअरने पाठवू नकोस. पत्र्याच्या डब्यात घालून स्वतः घेऊन ये, आणि तुझ्या हाताने घाल. उघडली तर आई ऐकेल. त्यानंतर तिसरं ताट ती मांडेल की कायमचं उचलून ठेवेल, कुणास ठाऊक. याच भीतीने आधीची दोन पत्रं मी फाडली. नाहीच उघडली, तर त्या ताटावर तू बस. हाकेला कुणीतरी ओ द्यायला हवी. माझ्याच्याने ती दिली जात नाही.

आई ताटं मांडतेय. मशीन चालू करायला उठते.

वाट पाहणाऱ्या दोघींपैकी, जिला जुई ऐकू येत नाही ती,
तुझी ताई
वैजयंती