काजातलं परकं बटण

४ जून
आजचं व्याख्यान धडाक्यात झालं! मेंदूतली रसायनं आणि त्यांचे रिसेप्टर — एकोणीस वर्षं शिकवतोय, टिपणाकडे बघावंही लागत नाही. मागच्या बाकावरची चष्मेवाली तेवढी जांभया देत होती. जांभईमागेही डोपामिनच असतं असं सांगून वर्ग हसवला.

घरी बायको तणतणत होती. म्हटलं, तुझं सेरोटोनिन कमी झालंय. म्हणाली, "भांडी घासलीस तर वाढेल." शास्त्राची किंमतच नाही या घरात.

९ जून
बाबांचा हात फारच थरथरतो. सुईत दोरा ओवायला अर्धा तास! पन्नास वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. समोर बसवून त्यांना समजावलं — डोपामिन कुठून सुटतं, रिसेप्टरमध्ये कसं बसतं. ऐकून म्हणाले, "म्हणजे बटण आणि काज." झकास! उद्या वर्गात हेच सांगणार (माझं म्हणून). मग म्हटलं, "तुमची बटणंच संपत आलीत, बाबा. वय झालं."

त्यांना काहीतरी बोलायचं होतं. "ती सकाळची गोळी —" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "गोळ्यांचं माझ्यावर सोडा."

१० जून
बाबांची ती सकाळची, मळमळीची गोळी संपली होती, नवी पट्टी आणली. आठ महिन्यांपूर्वी मीच सुरू केली. घरात औषधशास्त्राचा प्राध्यापक असताना डॉक्टर कशाला?

२१ जून
बाबा शिलाई मशीन माझ्या धाकट्या बहिणीला देऊन टाकतायत. रविवारी ती न्यायला येणार. "आता मला नको ते," म्हणाले. मला रडूच आलं. त्या मशीनच्या आवाजात मी अभ्यास केलाय.

२५ जून
चाचणीचे पेपर तपासले. माझा लाडका प्रश्न: म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरतात, पाय घासत चालतो, कारण सांगा. निम्म्यांनी 'वय' लिहिलंय. ठोंबे!

चष्मेवालीनं लिहिलंय: 'वय म्हणण्याआधी गोळ्या विचारा. मळमळीच्या काही गोळ्या डोपामिनचे रिसेप्टर अडवतात. काजात परकं बटण! गोळी थांबवली की हात बहुधा सुधारतो. गोळी कोण देतं तेही विचारा.' माझंच उदाहरण मलाच! उत्तर बाकी अचूक. शेवटचं वाक्य फापटपसारा — अर्धा गुण कापला.

२५ जून, संध्याकाळी
बाबांच्या डबीतली पट्टी काढली. नाव वाचायची गरजच नव्हती. दरवर्षी ते फळ्यावर मीच लिहितो.

२६ जून
रात्री बायकोला सांगितलं; सकाळी तिनं बाबांना आणि मला, दोघांनाही डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गोळी बंद केली. माझ्याकडे बघून विचारलं, "आपण काय करता?" बायकोच म्हणाली, "शिकवतात."

धाकटीला फोन केला — मशीन नेऊ नकोस. चष्मेवालीचा अर्धा गुण परत दिला. त्यानं काय होणार?

१७ सप्टेंबर
बाबांनी दुसऱ्याच प्रयत्नात दोरा ओवला! मला राहवलं नाही, सगळं कबूल केलं. शर्टाचं बटण लावता लावता ते म्हणाले, "पहिल्याच महिन्यात शंका आली होती मला. पण म्हटलं, तू हेच तर शिकवतोस."